मोठ्या बाईंची काळी कुसाळ

मुरुमच्या बाजारात माझं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान आहे. पाटीवर माझ्या नावाखाली लाल अक्षरांत ‘तणांचा कर्दनकाळ’ असं लिहिलंय. पेंटरनं ‘शेतकऱ्यांचा मित्र’ सुचवलं होतं, पण तसले मित्र आमच्या ओळीत आधीच बरेच झाले होते. पाटी लागली त्या आठवड्यात मोठ्या बाई कशाला तरी मुरुमला आल्या. दुकानासमोर थांबल्या, छत्रीचं टोक एकेका अक्षरावरून फिरवत पाटी वाचली आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या, “कर्दनकाळ होय रे? तू तर पालीला बघून बाकावर चढायचास.”

मोठ्या बाई म्हणजे माकणीच्या आमच्या शाळेच्या हेडमास्तरीण, अनसूयाबाई. उंचीनं इतक्या लहान की फळ्याचा वरचा भाग त्यांच्या कारकिर्दीत कायम कोरा राहिला. पण आवाज असा की त्या पाढे म्हणून घ्यायला लागल्या की पलीकडच्या रस्त्यानं जाणारा बैलगाडीवाला उगाच बैलांना ‘हो हो’ करायचा. नवरा लग्नानंतर वर्षाच्या आत गेला. पुढं त्या शिकल्या, नोकरीला लागल्या आणि सासरच्याच गावात राहिल्या. बाई आता नाहीत. पण अजून कुणी मला “विलास दत्तू” अशी बापाच्या नावासकट हाक मारली की माझे दोन्ही हात आपोआप पाठीमागं जातात.

नावाचा त्यांना सोस होता. वर्गात कुणी कुणाला ‘ए’ म्हणून हाक मारलेली त्यांना चालत नसे. “त्याला नाव आहे. नाव घे, मग बोल.” झाडाखाली बसवलं तर आधी झाडाचं नाव. कुत्रं वर्गात शिरलं तर आधी त्याचं नाव, मग हाकलायचं. हजेरी तर सोहळाच असायचा. नाव घ्यायच्या, थांबायच्या, पोरगं उभं राहून ‘हजर’ म्हणायचं, त्याच्याकडं नीट बघायच्या आणि मग म्हणायच्या, “बस.” एकदा मी शेजारच्या दोस्ताच्या नावाला आवाज बदलून ‘हजर’ दिला. बाईंनी मला त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत दोघांच्या वाटणीचा अभ्यास करायला लावला. माझ्या हातून पुष्कळ अपराध झाले, पण दुसऱ्याच्या नावाला ओ द्यायचा पुन्हा कधी झाला नाही.

रिटायर झाल्यावर बाईंनी शेत धरलं. वाटणीत दिरांनी त्यांना जे दिलं होतं ते कालव्याच्या अंगाचं चिबड. वर्षातले अर्धे महिने पाणी धरून बसणारी काळी जमीन. तिथं तूर कुजायची, सोयाबीन पिवळं पडून मरायचं. गाव म्हणायचं, बाईला फसवलं. बाई म्हणायच्या, “फसवलं कसलं? मला हेच पाहिजे होतं. फक्त मी मागितलं असतं तर त्यांनी दिलं नसतं.”

कारण त्यांना साळ लावायची होती. आमच्याकडं टरफलासकट तांदळाला साळ म्हणतात, आणि पिकालाही. तसा आमचा जिल्हा ज्वारीचा. भात म्हणजे भाकरी खाऊन झाल्यावर ताकाबरोबर पोटात ढकलायची वस्तू. तांदूळ कुठला, हे विचारायची आमच्यात पद्धत नाही; ‘दुकानातला’ एवढं उत्तर पुरतं. पण ज्यांच्या वाटणीला चिबड आलं, अशी काही जुनी घरं या पट्ट्यात पूर्वीपासून साळ पेरत आलेली. खाचर नाही, रोपं लावणं नाही. ज्वारीसारखी तिफणीनं पेरायची आणि पावसाच्या हवाली करायची. प्रत्येक घराची साळ निराळी. बाईंनी त्या एकेक करून गोळा केल्या. कुणाच्या उतरंडीच्या तळातून, कुणाच्या म्हशीच्या गोठ्यातल्या आढ्यावरून.

पहिल्यांदा त्यांनी मला शेत दाखवलं तेव्हा मी दुकानदार म्हणून गेलो होतो. म्हणजे तोंडावर थोडी दया ठेवून. तिथं एका रानात तासातासाला, म्हणजे पेरणीच्या ओळीओळीला, रंग बदलत होता. एक तास पोपटी, शेजारचा काळपट, त्यापुढचा असा की वाऱ्यानं वाकला की राखाडी आणि उभा राहिला की हिरवा. बाई बांधावरून चालत, छत्रीनं दाखवत हजेरी घेत होत्या. चिमणसाळ, दाणा जिऱ्याएवढा, पण भात शिजला की शेजारच्या घरी कळतं. तांबडी, बाळंतिणीच्या पेजेची. भुरी, हिला पाणी कमी पडलं तरी रुसत नाही. म्हातारी, सगळ्यांच्या शेवटी पिकते, पण वादळात एकटी उभी राहते. प्रत्येक नाव घेऊन थांबायच्या, तासाकडं नीट बघायच्या आणि म्हणायच्या, “बस.” मी हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्या रानापुढं उभं राहून मला पहिल्यांदा वाटलं की आपल्या दुकानातल्या सगळ्या पिशव्या एकच शब्द बोलतात आणि इथं कुणीतरी अख्खं पुस्तक उघडून ठेवलंय.

त्या दिवशी त्यांनी जेवायला ठेवून घेतलं. ताटात तीन ठिकाणी तीन भात. परीक्षा आहे हे माझ्या उशिरा लक्षात आलं. मी तांबड्या भाताकडं बघून जाणकाराच्या सुरात म्हणालो की हा शुगरवाल्यांसाठी चांगला असतो, शहरात महाग मिळतो. बाईंनी शांतपणे माझ्या ताटातला तांबडा भात काढून घेतला. म्हणाल्या, “तुला शुगर नाही ना? मग राहू दे.” उरलेले दोन भात मी एकही अक्षर न बोलता खाल्ले, आणि त्यातल्या एकाची चव अजून जिभेवरून हललेली नाही.

एकदा जीपगाडीतून कुणी साहेब आले. बियांचे नमुने मागत होते, थंड खोलीत जपून ठेवणार म्हणाले. बाईंनी आनंदानं एकेक मूठ दिली, चहा केला, आणि विचारलं की पेरणार कधी. साहेब म्हणाले, पेरायचं कशाला, तिथं बी वर्षानुवर्षं टिकतं. बाईंनी कपबशी खाली ठेवली. “चांगलं आहे तुमचं,” म्हणाल्या, “पण म्हणजे शाळेत नाव घालायचं आणि वर्गात कधी बसवायचंच नाही.” साहेब मनापासून हसले. त्या वर्षी फक्त एक साळ त्यांना मिळाली नाही, कारण ती देण्याएवढी उरलीच नव्हती. ती म्हणजे काळी कुसाळ.

बाईंची स्वतःची साठवण निराळीच होती. गावातली, त्यांच्या हाताखाली शिकलेली कुठलीही मुलगी लग्न होऊन निघाली की बाई मांडवात हजर. हातात साळीची पुरचुंडी. पण ओटी स्वतः भरत नसत. विधवेनं ओटी भरू नये म्हणतात. त्या पुरचुंडी शेजारच्या पारूवहिनींच्या हातात द्यायच्या आणि स्वतः दाराच्या चौकटीपाशी उभ्या राहायच्या. पारूवहिनी नवरीच्या पदरात तांदळाऐवजी ती टरफलाची साळ घालायच्या, आणि चौकटीतून बाईंचा आवाज यायचा, “दोन बोटं खोल पेर. जास्त नाही. आणि नाव विसरू नको.” नवऱ्याकडची माणसं बुचकळ्यात पडायची. मी स्वतः एका लग्नात एका पाहुण्याला समजावलं होतं की आमच्या गावात तांदूळ सडायची गिरणी नाही. अशा कितीतरी ओट्या उमरग्याकडं गेल्या, लोहाऱ्याकडं गेल्या, हद्द ओलांडून कर्नाटकात गेल्या.

आता माझा पराक्रम.

आषाढ संपत आला होता. बाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला होता आणि खुरपणीला बाया मिळत नव्हत्या. मी दुकान पोरावर टाकून गेलो. तणाच्या बाबतीत आपण कोण आहोत हे पाटीवर लिहिलेलंच होतं. बाईंना म्हणालो, तुम्ही खाटेवरून उठू नका. त्या म्हणाल्या, नको, मी येते. मी म्हणालो, बाई, हा माझा धंदा आहे.

रानात सगळं नीट होतं, फक्त बांधालगत एक आखूड तास होता. बाकीच्यांपेक्षा पसरट, अंगानं आडदांड आणि बुडाशी जांभळट. असलं जांभळ्या बुडाचं गवत मी आयुष्यभर विकत आलेल्या बाटल्यांवर चित्रात पाहिलं होतं. माझ्या अंगात वीरश्री संचारली. एकूण एक धाट मुळासकट उपटलं, मुळं बांधावर आपटून माती झाडली, आणि पुन्हा रुजायला नको म्हणून खुरप्यानं तुकडे केले. ढीग बांधावर रचला. पारूवहिनींची म्हैस तिथंच चरत होती. तिनंही सहकार्य केलं.

संध्याकाळी बाई छत्री टेकत आल्या. मी अभिमानानं बाजूला झालो. बाईंनी त्या मोकळ्या तासाकडं बघितलं, म्हशीच्या तोंडाकडं बघितलं. म्हशीच्या ओठातून एक जांभळं बूड लोंबत होतं. मला वाटलं आता छत्री बसणार. मी मानही खाली घातली होती. पण बाईंनी फक्त विचारलं, “नाव विचारलंस का तिचं?”

त्या आवाजात ओरडणं नव्हतं.

बाकीचं मला पारूवहिनींनी सांगितलं, म्हशीला दावणीला बांधता बांधता. “काळी कुसाळ व्हती ती. मागल्या साली पाऊस न्हाई, तर मूठभरच आली. ती समदी त्याच तासात घातली व्हती.” मी म्हणालो, कुठून तरी आणून देतो. वहिनी म्हणाल्या, “कुठून आणशील? बाईचं म्हायेर सास्तूरचं. लग्नात आईनं ओटीत तीच घातली व्हती, ती नोकरीतबी परसात पेरून राखली. पुढं भूकंपात म्हायेरचं घर गेलं, आई गेली. ऱ्हायली ती एवढी साळ.” आणि जरा थांबून, “नवरा गेल्यावर बाईची वटी भरलीच न्हाई कुणी. कोण भरणार?”

मी ताबडतोब माझ्या पद्धतीनं प्रायश्चित्त घेतलं. दुकानातली सगळ्यात महागडी भाताची पिशवी घेऊन गेलो. बाईंनी पिशवीवरचं चित्र बघितलं, छान आहे म्हणाल्या, आणि पिशवी चिमण्यांना भिववायला काठीला अडकवली. हजेरी मात्र चालू राहिली. त्या बांधावरून चालायच्या, एकेकीला ‘बस’ म्हणायच्या, आणि त्या मोकळ्या तासापाशी येऊन तेवढ्याच स्पष्ट आवाजात नाव घ्यायच्या, “काळी कुसाळ.” थांबायच्या. मग म्हणायच्या, “गैरहजर,” आणि पुढं जायच्या. मी एकदा ऐकलं, पुन्हा त्या वेळेला तिकडं फिरकलो नाही.

दसरा झाला, सगळ्या साळी कापून झाल्या, तेव्हा बाईंचा निरोप आला की मोटरसायकल घेऊन ये. शोधायला जायचंय. कुणाकुणाच्या ओटीत काळी कुसाळ घातली होती हे त्यांच्या डोक्यात होतं, जसं कुठलं पोर कुठल्या बाकावर बसायचं हे असायचं. त्या मागं बसल्या. एका हातानं माझा खांदा धरला, दुसऱ्या हातात छत्री. रस्ता तोंडानं सांगणं त्यांना मंजूर नव्हतं. डावीकडं वळायचं असलं की छत्रीचं टोक माझ्या डाव्या बरगडीत, उजवीकडं असलं की उजव्या. थांबायचं असलं तर मणक्यात.

पहिल्या घरी ती मुलगी आता सासू झाली होती. बाईंना बघून पाया पडली, आणि काळ्या कुसाळीचं नाव निघताच खाली बघत राहिली. एका पंचमीला घरात काही नव्हतं तेव्हा सडून शिजवली होती. “कशी लागली?” बाईंनी विचारलं. ती म्हणाली, लई गोड लागली. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. बाहेर आल्यावर मी म्हणालो, बाई, तिनंसुद्धा संपवलीच की. तर म्हणाल्या, “तिनं खाल्ली. तू म्हशीला घातलीस.”

दुसऱ्या घरी चिबडाचं रानच उरलं नव्हतं. चर खणून पाणी काढून दिलं होतं आणि तिथं ऊस उभा होता. त्या बाईनं उतरंड उतरवून तळापर्यंत शोधलं. एका मडक्यात थोडी साळ निघाली. माझा जीव भांड्यात पडला. बाईंनी एक दाणा दाताखाली धरला, टरफल सोलून तळहातावर घेतला. आत पीठ झालं होतं. मग मणक्यात छत्री, म्हणजे इथला शोध थांबला.

शेवटचं घर मुरुमच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. तिथं महानंदा दिलेली. वर्गात माझ्या पुढच्या बाकावर बसायची. तिच्या वेणीला मी एकदा खडू बांधला होता, त्यामुळं मला त्या घरी जायची फारशी हौस नव्हती. रस्त्यात बाईंची माझ्या खांद्यावरची बोटं घट्ट होत गेली. मला कळत होतं, यादीत आता पुढं नाव नाही.

महानंदाची सासू ओसरीवर बसली होती. कानडी बोलणारी, मोठं कुंकू, मोठी नथ. महानंदा धावत बाहेर आली, पदर सावरत, आणि बाईंना बघून पोरीसारखी हात मागं बांधून उभी राहिली. बाईंनी विचारलं. ती आम्हाला मागच्या परसात घेऊन गेली.

हातपंपाचं सांडपाणी जिथं वाहून जातं तिथं, न्हाणीघराच्या भिंतीला लागून, खाटेएवढ्या जागेत साळ उभी होती. बुडाशी जांभळी. वरती लोंब्या पिकून वाकलेल्या आणि प्रत्येक दाण्याच्या टोकाला लांब काळं कुसळ, जणू सगळ्या साळीनं काजळ घातलंय. मी हिला लोंबीपर्यंत येऊच दिलं नव्हतं. त्यामुळं ती काय असते हे मला तिथं पहिल्यांदा दिसलं. रान नाही, खत नाही, भांडी घासल्याचं पाणी. आणि सास्तूरच्या एका आईच्या मुठीतली साळ तिथं डोलत होती.

बाईंनी खात्री म्हणून विचारलं, “नाव काय हिचं?”

महानंदा लाजली. “बाई, खरं नाव काळी कुसाळ. पण आमच्यात हिला माकणी म्हणतात. माकणीहून आलेल्या सुनेबरोबर आली म्हणून.”

बाई हसल्या. उभ्या आयुष्यात मी त्यांना तेवढंच हसताना बघितलं. “बरोबर आहे,” म्हणाल्या. “मी हिला सास्तूरची म्हणत होते. सास्तूरच्या आधी कुठली होती, देव जाणे.”

आम्हाला चहा दिला. महानंदानं मागच्या सालची सुपात काढून ठेवलेली साळ आणली. मी पिशवी पुढं केली. माझ्या दुकानाची, तणनाशकाची जाहिरात छापलेली. तेवढीच होती जवळ. बाईंनी पिशवी वाचली. “यात?” एवढंच म्हणाल्या. मी पिशवीची घडी करून तिच्यावर बसलो.

मग महानंदा म्हणाली, “बाई, पाटावर बसा.”

बाईंना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या, दाराच्या चौकटीकडं सरकल्या, जिथं त्या नेहमी उभ्या राहत. म्हणाल्या, वेडेपणा करू नको, माझी कसली ओटी. महानंदानं सासूकडं बघितलं. मीही बघितलं. म्हातारीचं लक्ष बाईंच्या मोकळ्या कपाळावर होतं. मला वाटलं, झालं, आता काहीतरी वाकडं निघणार. म्हातारी गुडघ्यावर हात देत उठली, आत गेली आणि पाट घेऊन आली. भिंतीपाशी मांडला, हातानं पुसला आणि सुनेला कानडीत म्हणाली, “उडी तुंबु.” ओटी भर.

बाई बसल्या. मांडी घातली तरी पाटावर पुऱ्या मावल्या. महानंदानं हळदकुंकवाचा करंडा उघडला तेव्हा बाईंनी तिचं मनगट धरलं. “कुंकू राहू दे. साळ घाल.” आणि दोन्ही हातांनी पदर पसरला. महानंदानं ओंजळ भरली. ओतता ओतता, तोंडपाठ धडा म्हणावा तशी म्हणाली, “दोन बोटं खोल पेरा. जास्त न्हाई. आणि नाव विसरू नका, बाई.”

मी परसात जाऊन हातपंप मारत बसलो. पाण्याची गरज नव्हती. पण साळीला पाणी लागतं म्हणून.

परतीच्या वाटेवर बाईंनी पदराची गाठ मारू दिली नाही, डबा घेऊ दिला नाही. दोन्ही हातांनी ओटी धरून बसल्या. म्हणजे माझा खांदा धरायला हात नाही आणि छत्री माझ्या हँडलला. मी सायकलवाल्यांना वाट देत चाललो होतो. एक बैलगाडी आम्हाला मागं टाकून गेली आणि गाडीवान वळून वळून बघत होता. बरगड्यांना सवय लागलेली. टोक कुठंच टोचलं नाही, म्हणून मी दोनदा रस्ता चुकलो.

माकणीला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मी घरापाशी थांबलो, पण त्या घरात गेल्या नाहीत. पाठीनं फाटक ढकललं आणि रानाकडं निघाल्या. छत्री माझ्याकडंच राहिली. मी मागं मागं गेलो आणि बांधाच्या अलीकडं उभा राहिलो. रान कापून मोकळं झालेलं, नुसती खोडकी उभी. बाई त्या खोडक्यांच्या कडेनं चालत गेल्या. चिमणसाळ, तांबडी, भुरी, म्हातारी. बांधालगतच्या त्या आखूड तासापाशी थांबल्या.

“काळी कुसाळ,” म्हणाल्या.

माझ्या तोंडात ओ आली होती. शाळेतली जुनी खोड. मी ओठ दाबून धरले. दुसऱ्या कुणी ओ देण्याची गरज नव्हती. बाईंनी पदर थोडा वर उचलला, त्यात नीट बघितलं.

“बस,” म्हणाल्या.